फिल्टर धुवायचा, पण त्यातले जीवाणू राखून

महिन्यातून एकदा माशांची टाकी ‘पूर्ण धुवायची’ ही पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. मासे बादलीत काढायचे, खडी नळाखाली चोळायची, फिल्टरचा स्पंज मूळ रंगावर येईपर्यंत पिळायचा, काच पुसायची, ताजं पाणी भरायचं आणि वर निळ्या औषधाचे चार थेंब. दोन दिवस टाकी चकाचक दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि आठवड्याभरात एक-दोन जातात. मग दोष दुकानदाराला, नाहीतर माशांच्या जातीला. मासे मेले ते मात्र त्या धुण्यामुळे.

वापरातला स्पंज हातात घेतला की तपकिरी आणि बुळबुळीत लागतो. त्यातला सुटा गाळ म्हणजे विष्ठा, कुजलेलं खाद्य, झाडांची पानं. तो काढायचाच असतो. स्पंजाच्या जाळीला घट्ट चिकटलेल्या पातळ थरात मात्र अमोनिया पचवणारे जीवाणू असतात, आणि टाकी चालते ती त्यांच्यावर. गाळ जावा आणि थर राहावा एवढंच फिल्टरच्या निगेत साधायचं असतं. साबण, ब्लीच, गरम पाणी, नळाचं क्लोरीनवालं पाणी आणि कडक ऊन या पाच गोष्टी त्या थराला लावायच्या नाहीत.

स्पंजात काय चालतं

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांमधून सोडतात. उरलेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. सूक्ष्मजीवांचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्यं माशांना विषारी आहेत. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टर या जीवाणूंना दिलेलं असतं, पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा हे जीवाणू करतात, असं संशोधक टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. दुकानातल्या ‘बॅक्टेरिया’च्या बाटलीवर नायट्रोबॅक्टरचं नाव ठळक छापलेलं दिसलं तर हे आठवावं.

हे जीवाणू फार सावकाश वाढतात. परिस्थिती उत्तम असली तरी त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक तास लागतात. घरच्या टाकीत एक दिवस किंवा जास्तही. कुजकं खाणारे साधे जीवाणू तासाभरातच दुप्पट होतात. टाकी धुतल्यावर पाणी दुधाळ होतं ते या घाईवाल्यांमुळे. त्यावर पुन्हा टाकी धुणं हा सगळ्यात वाईट उपाय. खाद्य कमी करून हवा वाढवली की दुधाळपणा काही दिवसांत आपोआप निवळतो.

आपले जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंज, सिरॅमिक रिंग (फिल्टरमध्ये भरायच्या सच्छिद्र कड्या), खडी, काच, झाडांची मुळं अशा पृष्ठभागांना धरून बसतात. म्हणून ३० टक्के पाणी बदललं तर त्यांचं काहीच बिघडत नाही, आणि जुनं पाणी आणून नव्या टाकीत ओतल्याने काही मिळतही नाही. त्यांना लागतं वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला साधारण ४.६ मिलिग्रॅम प्राणवायू. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातल्या टाक्या आधी दमतात त्याचं एक कारण हे. उन्हाळ्यात खाद्य कमी आणि हवा जास्त, हा नियम तिथे पाळावाच.

खाद्याचा हिशेब

पुढचे आकडे २ फूट × १ फूट × १ फूट टाकीचे आहेत. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात ५० लिटरपेक्षा थोडं कमी पाणी बसतं, हिशेबाला ५० धरू. ४० टक्के प्रथिनं असलेलं १ ग्रॅम खाद्य माशांनी खाल्लं की त्यातून साधारण ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. म्हणजे या टाकीत जवळपास ०.९ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) अमोनिया. रोज एवढं खाद्य पडलं आणि फिल्टरमध्ये जीवाणू नसतील तर तीन दिवसांत हा आकडा पावणेतीनच्या आसपास जातो.

तेवढ्यात मासे मरतील की नाही हे पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे तो आकडा, ठरवतो. टेस्ट किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला मुक्त भागच खरा घातक. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी ०.७ टक्के मुक्त असतो, पीएच ८ ला साडेसहा टक्के. किटवर एकच रंग, पण विष नऊपटीहून अधिक. बोअरवेलचं, बहुधा जास्त पीएचचं, पाणी भरणाऱ्यांनी अमोनियाचा अर्धा पीपीएमही हलक्यात घेऊ नये.

जीवाणूंची संख्या रोजच्या खाद्याच्या मापाने ठरते. जेवढं अन्न तेवढीच ती टिकते. जास्तीचा साठा फिल्टरमध्ये राहत नाही. सहा माशांची टाकी नीट चालली आहे म्हणून रविवारी आणखी दहा आणले की फिल्टर कमी पडणारच. दोन-तीन मासे आणावेत, दहा-बारा दिवस थांबावं, नायट्राइट शून्य असल्याची खात्री करावी, मग पुढचे.

नवी टाकी तयार करणं

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे चालू, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज किंवा रिंग. मित्राच्या टाकीत महिनाभर एक जादा स्पंज टाकून ठेवला तर त्याहून उत्तम. आणताना तो ओला ठेवायचा, पण पाण्याने काठोकाठ भरलेल्या बंद डब्यात नाही. पिशवीत थोडं पाणी आणि बाकी हवा असावी, आणि दोन-तीन तासांत तो नव्या फिल्टरमध्ये जावा. त्या टाकीत पांढरे ठिपके, पंख झडणं असा आजार असेल तर तोही सोबत येतो, हे पाहून घ्यावं.

असा स्पंज मिळत नसेल तर मासे न टाकता अमोनिया देऊन फिल्टर तयार करता येतो. त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाले वापरतात तो मातकट, मिसळीचा असू शकतो. रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्यावा. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. ५० लिटरच्या टाकीत या द्रावाचे ३२ मिली टाकले की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. फिल्टर आणि हवा चोवीस तास चालू, पाणी २६ ते ३० अंश, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढलेलं.

मग दर दोन दिवसांनी तपासा. पहिला आठवडाभर बहुधा काहीच हलत नाही. नंतर अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसतं. १ पीपीएम अमोनियाचं २.७ पीपीएम नायट्राइट होतं, त्यामुळे नायट्राइटचा आकडा मोठा दिसणं ठीकच आहे. टाकीत मासे नाहीत. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा १६ मिली द्राव टाका. नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगापलीकडे गेलं तर अर्धं पाणी बदला आणि द्राव दोन-तीन दिवस थांबवा. नायट्राइटचा टप्पा कंटाळवाणा असतो. बरेच जण इथेच धीर सोडून मासे आणतात. ३२ मिली टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की फिल्टर तयार. एकूण चार ते सहा आठवडे. जुना स्पंज असेल तर अनेकदा एक-दोन आठवड्यांत काम होतं. मासे टाकण्याआधी ७०-८० टक्के पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढावं.

नायट्रेटच्या किटमधल्या दुसऱ्या बाटलीत तळाला पूड बसते. ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकले तर नायट्रेट खोटंच कमी दिसतं.

बाटलीतल्या आणि पुडीतल्या ‘बॅक्टेरिया’बद्दल: नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जीवाणू बीजाणू (कोरड्यातही टिकणारं सुप्त रूप) करत नाहीत, म्हणून कोरड्या पुडीत ते जिवंत असण्याची आशा कमीच. पुडीत बहुधा बॅसिलस नावाचे दुसरे जीवाणू असतात. ते गाळ कुजवतात, अमोनियाचं नायट्राइट करण्याच्या कामाचे नाहीत. द्रवरूपातल्या चांगल्या बाटल्या उपयोगी पडतात, पण मे महिन्यात दुकानाच्या काचेत उन्हात तापलेल्या नव्हे. असे पैसे घालण्यापेक्षा ओळखीतल्या कुणाच्या तरी जुन्या स्पंजाचं पिळलेलं पाणी मागून आणावं.

धुण्याची वेळ आणि पद्धत

तारखेवर धुऊ नका, प्रवाहावर धुवा. नवा फिल्टर बसवला की त्याच्या तोंडाखाली १ लिटरचा मग धरून तो भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. ही वेळ दीडपट झाली की फिल्टर उघडायचा. ताशी ३०० लिटरचा पंप कागदावर १२ सेकंदांत मग भरतो, प्रत्यक्षात स्पंज-नळी धरून १५-१६ लागतील; २४ च्या आसपास गेला की वेळ आली. घरच्या टाकीला ताशी पाण्याच्या चार ते सहा पट प्रवाह पुरतो.

पद्धत सगळ्या फिल्टरांना सारखीच. आधी सगळे प्लग काढा. हीटर असेल तर तो दहा-पंधरा मिनिटं आधी बंद करा, नाहीतर पाणी उतरल्यावर गरम काच तडकते. नळी लावून टाकीतलं आठ-दहा लिटर पाणी बादलीत घ्या. आठवड्याला पाणी बदलायचं असतंच, तेच वापरा. स्पंज त्या बादलीत बुडवून चार-पाच वेळा दाबा-सोडा. पाणी चहासारखं काळपट होतं. दुसऱ्या बादलीत आणखी दोन-तीनदा. निथळणारं पाणी फिकट तपकिरी झालं की थांबा. पाणी अगदी स्वच्छ येईपर्यंत पिळत बसणं म्हणजे गाळाबरोबर थरही घालवणं. धुतलेल्या बादलीतलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना मानवतं.

दोन प्रकारचं साहित्य असेल तर दोन्ही एकाच दिवशी धुऊ नका. या खेपेला स्पंज, दोन आठवड्यांनी रिंग. आणि ज्या दिवशी फिल्टर धुतला त्या दिवशी खडी खोलवर ढवळू नका.

स्पंज फिल्टर, म्हणजे एअर पंपावर चालणारा दुहेरी स्पंज, नवख्यासाठी उत्तम, आणि बहुतेक छोट्या टाक्यांना पुरेसा. दोन आठवड्यांना एक स्पंज, पुढच्या दोन आठवड्यांना दुसरा. बुडबुडे कमी झाले तर आधी स्पंजावर संशय घेऊ नका. नळीच्या तोंडाशी क्षार धरलेले असतात किंवा पंपाचा रबरी पडदा फाटलेला असतो. पडदा स्वस्त मिळतो आणि स्क्रूड्रायव्हरने पाच मिनिटांत बदलता येतो. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवला असेल तर नळीत एकदिशा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर वीज गेल्यावर टाकीचं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं, तिथून स्विचबोर्डवर.

टॉप फिल्टरमध्ये खालचा पंप पाणी वरच्या डब्यात चढवतो आणि ते साहित्यातून टाकीत उतरतं. इथे क्रम चुकलेला फार दिसतो. पाणी जिथे पहिलं पडतं तिथे पांढरी, कापसासारखी वूल, तिच्याखाली स्पंज, सर्वांत शेवटी रिंग. वूल फक्त गाळणीचं काम करते, ती आठवड्याला धुवा किंवा सरळ बदला. तिच्या जाण्याने जीवाणूंचं फार नुकसान नाही. वूल तुंबली की पाणी साहित्याच्या कडेने किंवा वरच्या भोकातून थेट टाकीत जातं आणि फिल्टर चालू दिसूनही काम शून्य होतं. वूलचा तुकडा डब्याच्या आकारापेक्षा अर्धा इंच मोठा कापला की कडेची फट बुजते.

काचेला मागे अडकवायच्या फिल्टरसोबत कार्बन भरलेली पातळ काडतुसं येतात, वर ‘दर महिन्याला बदला’ असं लिहिलेलं. त्याप्रमाणे बदललं तर दर महिन्याला जीवाणूंची वस्तीच कचऱ्यात जाते. काडतुसाऐवजी जाड छिद्रांचा स्पंज कापून बसवावा, मागे जाळीच्या पिशवीत मूठभर रिंग. कार्बन कायम ठेवायची गरज नसते. औषधाचा अंश किंवा लाकडाचा पिवळेपणा काढायचा असेल तेव्हाच दोन-चार आठवडे वापरावा आणि फेकावा.

कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, दोन-तीन महिन्यांनी उघडावा लागतो. खाली पाणी सांडतं ते बहुधा घाईमुळे, म्हणून याचा क्रम पाळा:

१. प्लग काढा, दोन्ही नळ्यांचे व्हॉल्व्ह बंद करा, मग जोड सोडवा. कॅनिस्टर बाथरूममध्ये न्या.

२. झाकण उघडून टोपल्या टाकीच्या पाण्याच्या बादलीत ठेवा. बहुतेक कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर चढतं, म्हणून खाली जाड स्पंज, मध्ये रिंग, सर्वांत वर बारीक वूल. टॉप फिल्टरच्या बरोबर उलटं.

३. डब्याचा तळ, झाकण आणि नळ्या नळाच्या पाण्याने धुतल्या तरी चालतं. तिथे जीवाणू असतात, पण साहित्याच्या मानाने थोडे. नळ्यांतून लांब ब्रश फिरवा. अर्धा प्रवाह तिथेच अडकलेला असतो.

४. इम्पेलरचं (पंपातल्या फिरत्या पंख्याचं) झाकण काढा, चुंबक आणि दांडी वेगळी करा, खाचेतला चिकट थर जुन्या टूथब्रशने काढा. दांडी सिरॅमिकची असते आणि हातातून पडली की तुटते. बोअरवेलच्या पाण्यात चुंबकावर पांढरे क्षार बसतात. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून स्वच्छ धुवा. घरघर आणि खडखड बहुतेक वेळा इथेच संपते.

५. झाकणाची रबरी रिंग पुसून तिच्यावरचा वाळूचा कणन्‌कण काढा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं.

६. डबा पाण्याने भरूनच झाकण लावा, जोड बसवा, व्हॉल्व्ह उघडा, आत पाणी पूर्ण भरलं की मग प्लग. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून तासाभराने पाहा; बारीक गळती कागदावर लगेच दिसते.

स्पंज झिजला, दबून बसला तर बदलायचा, पण नवा स्पंज जुन्याशेजारी महिनाभर चालवून मगच. नवा फिल्टर आणला तरी दोन्ही एकाच टाकीत चार ते सहा आठवडे बरोबर चालवावेत. सिरॅमिक रिंग वर्षानुवर्षं टिकतात. त्या ‘संपल्या’ म्हणून बदलायच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

औषध शक्यतो मुख्य टाकीत टाकू नये. मिथिलीन ब्ल्यू, म्हणजे ते निळं औषध, आणि एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं फिल्टरमधल्या जीवाणूंना मारक ठरू शकतात. आजारी मासा वेगळ्या टबमध्ये ठेवून तिथेच उपचार करावेत. ‘सवय म्हणून’ निळे थेंब टाकणं तर आजच बंद करावं.

क्लोरीन

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं. आपले-परके असा भेद ते करत नाही. त्यावर उपाय सोडियम थायोसल्फेट, दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ किंवा ‘हायपो’ म्हणून मिळतं. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवा आणि १० लिटर नव्या पाण्याला १ मिली वापरा. नेहमीच्या क्लोरीनला हे पुरून उरतं. पाणी टाकीत ओतायच्या आधी बादलीतच मिसळायचं.

धोका नेहमीच्या पाण्यात कमी, पुरवठ्याचं पाणी अचानक बदललं की जास्त. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की क्लोरीनची मात्रा वाढलेली असू शकते. सोसायटीची भूमिगत टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पाणी बदलू नये. टँकरच्या पाण्याचं प्रत्येक खेपेला वेगळं असतं. बादलीला उग्र वास आला तर मात्रा दुप्पट करा आणि रात्रभर एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे करणारा दगड) सोडून ठेवा.

केएच: मऊ पाण्याची छुपी अडचण

फिल्टर धुतला नाही, क्लोरीन नाही, मासेही वाढवले नाहीत, तरी सहा-आठ महिन्यांनी टाकी ढासळते, अशी तक्रार मुंबई-कोकणातून आणि आरओचं पाणी वापरणाऱ्यांकडून येते. त्याचं कारण केएच, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा. जीवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात आणि ते आम्ल हा साठा खातं: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका. आपल्या ५० लिटरच्या टाकीत रोज अर्धा ग्रॅम खाद्य पडत असेल तर आठवड्याला साधारण १ अंश केएच (लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट) खर्च होतो. आठवड्याला ३० टक्के पाणी बदललं तरी ही तूट वाढत वाढत सव्वातीन अंशांच्या आसपास जाऊन थांबते. पठारावरच्या बसाल्टमधल्या बोअरवेलचं पाणी कडक असतं, तिथे ही तूट जाणवतही नाही. तलावाच्या मऊ पाण्याचा केएच मुळात २-३ अंश असेल तर तो शून्यावर येतो. टाकीत झाडं भरपूर असली तर खर्च कमी पडतो, इतकंच.

केएच संपला की पीएच घसरतो. साडेसहाखाली जीवाणू मंदावतात, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. अमोनिया साठू लागतो, पण एवढ्या कमी पीएचला तो निरुपद्रवी रूपात राहत असल्यामुळे मासे ठीक दिसतात. मग कुणीतरी एक दिवस ‘पाणी जुनं झालंय’ म्हणून ७० टक्के बदलतं, पीएच एकदम साडेसातवर जातो, उरलेला अमोनिया मुक्त होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. पाणी बदलल्यामुळे मासे मरतात ही समजूत अशाच टाक्यांतून आली असावी.

म्हणून महिन्यातून एकदा केएच तपासा आणि ३-४ अंशांखाली जाऊ देऊ नका. ५० लिटरला १ अंश वाढवायला दीड ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. सपाट चहाच्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम बसतो, म्हणजे पाव चमच्याहून थोडा जास्त. बेकिंग पावडर चालत नाही, धुण्याचा सोडा तर मुळीच नाही. एका दिवसात १ अंशापेक्षा जास्त वाढवू नका. कायमचा उपाय हवा तर धुऊन उकळलेल्या शिंपल्यांचा जाड चुरा १०० ग्रॅम, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवावा. पाणी आम्लाकडे झुकेल तसा तो विरघळतो. पीएच आधीच सहाला टेकलेला असेल तर पहिल्यांदा अमोनिया मोजा. तो असेल तर रोज फक्त १० टक्के पाणी बदला, खाद्य बंद ठेवा आणि अमोनिया उतरल्यावरच सोडा सुरू करा.

वीज गेली तर

भारनियमनाच्या भागात कॅनिस्टरपेक्षा स्पंज फिल्टर बरा, कारण बंद डब्यातला प्राणवायू काही तासांतच संपतो आणि आतला गाळ सडू लागतो. वीज आल्यावर ते घाण पाणी थेट टाकीत जातं. दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद असेल तर कॅनिस्टर उघडा, आतलं पाणी फेका, टाकीच्या पाण्याने एकदा विसळा, मग चालू करा. बारा-पंधरा तासांची कपात ठरलेलीच असेल तर रिंग जाळीच्या पिशवीत घालून सरळ टाकीत लटकवा, शेजारी बॅटरीवर चालणारा एअर पंप. वीज नसताना खाद्य देऊ नये. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतात.

फिल्टर धुतला गेलाच, तर

घरातल्या कुणी मदत म्हणून स्पंज नळाखाली साफ केला, हे होणारच. त्याच दिवशी खाद्य थांबवा आणि हवा वाढवा. दुसऱ्या दिवसापासून रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. यांपैकी कोणतंही अर्ध्या पीपीएमवर गेलं की ३० ते ५० टक्के पाणी बदला, तापमान जुळवून आणि क्लोरीन काढून. पीएच ८ च्या वर असेल तर पाव पीपीएमलाच बदला. पीएच साडेसहाखाली असेल तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे १०-१० टक्केच.

नायट्राइट दिसू लागलं की ५० लिटरला १० ग्रॅम खडे मीठ विरघळवून टाका, साधारण दोन चहाचे चमचे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून रक्त तपकिरी करतं आणि त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता घालवतं. मिठातलं क्लोराइड त्याचा कल्ल्यातला प्रवेश अडवतं. एवढ्या मिठाने झाडांना किंवा तळाच्या कॅटफिशना अपाय होत नाही. पुढे जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याच्या प्रमाणात मीठ पुन्हा घाला: १५ लिटर बदललं तर ३ ग्रॅम.

तिसऱ्या दिवसानंतर एक दिवसाआड, नेहमीच्या पाव भाग खाद्य. सलग तीन दिवस दोन्ही आकडे शून्य आले की रोज पाव, मग आठवड्याने अर्धं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पूर्ण. खडी आणि काच शाबूत असेल तर बऱ्याच टाक्या दहा-बारा दिवसांत सावरतात. खडीही धुतली असेल तर नव्या टाकीइतकाच वेळ धरून चाला, आणि ओळखीतून जुना स्पंज मिळतो का ते त्याच दिवशी विचारा.